शौर्याला पदक मिळते; युद्धातील नेतृत्वाचे मूल्यमापन कोण करतो?

मेघनातीर (धागाकर्ता)

नमस्कार. १९७१ च्या युद्धाविषयी वाचताना एक प्रश्न मला सतत छळतो. सैन्यातील आणि सैन्याबाहेरील जाणकारांनी त्यावर लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

पूर्व आघाडीवर चौथ्या कोअरचे (अनेक डिव्हिजन मिळून होणाऱ्या मोठ्या सैन्यविभागाचे) नेतृत्व लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांच्याकडे होते. आशुगंजजवळचा मेघनेवरील रेल्वेपूल पाकिस्तानी सैन्याने उडवून दिला, तेव्हा पुलाची वाट पाहत न थांबता त्यांनी हेलिकॉप्टरांतून सैनिक नदीपलीकडे उतरवले. ढाका घेण्याची कामगिरी त्यांच्या कोअरकडे मूळ योजनेत सोपवलेलीच नव्हती, तरी युद्धाचा निकाल लवकर लागण्यात या निर्णयाचा वाटा फार मोठा होता. हेच अधिकारी डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात ५० व्या पॅराशूट ब्रिगेडचे प्रमुख होते. मुख्य चढाई दुसऱ्या तुकड्यांकडे असताना पणजीत प्रथम त्यांचीच ब्रिगेड पोहोचली. १९६७ मध्ये सिक्कीममधील नथू ला येथे चिनी सैन्याशी झालेल्या चकमकींच्या वेळी तेथील डिव्हिजन त्यांच्याच हाताखाली होती.

या माणसाला पद्मभूषण मिळाले, परंतु रणांगणावरील कामगिरीबद्दल दिले जाणारे एकही चक्र मिळाले नाही आणि ते सेना-कमांडरही (कोअरच्या वरच्या ‘कमांड’चे प्रमुख) झाले नाहीत. ज्या सैनिकाने शत्रूचा बंकर काबीज केला त्याचे शौर्य ओळखायला आपल्याकडे परमवीर, महावीर आणि वीर अशी तीन चक्रे आहेत. शांतताकाळातील बढतीसाठी गोपनीय अहवाल आहेत. ज्याच्या निर्णयामुळे शेकडो बंकरांवर हल्ला करण्याची वेळच आली नाही, त्याची नोंद मात्र या दोहोंच्या मधल्या फटीत हरवते, असे माझे मत आहे. आपणास काय वाटते?

---

खडकीकर

विषय महत्त्वाचा आहे, पण आरंभीच एक भर घालतो. क्षणिक धाडसालाच पदक मिळते, हे पूर्ण खरे नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा (सैन्याच्या अभियंता दलाचा) इतिहास याच्या उलट साक्ष देतो.

कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना परमवीरचक्र मिळाले ते एप्रिल १९४८ मधील कामगिरीबद्दल. ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस, मोर्टारच्या माऱ्यात जखमी झालेले असतानाही, ते नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग काढत होते, रस्त्यावर आडवी टाकलेली झाडे उडवत होते आणि रणगाड्यांना वाट करून देत होते. हयात असताना परमवीरचक्र मिळवणारे ते पहिले सैनिक. त्यांच्या आधी, १९४१ मध्ये ॲबिसिनियाच्या मोहिमेत, याच दलाचे प्रेमिंद्रसिंह भगत यांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरील १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी केली आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या दोन्ही कामगिऱ्यांत संतापाच्या भरात घेतलेली झेप नाही. तेच धोकादायक काम सकाळी पुन्हा सुरू करायचे, आणि आपण थांबलो तर मागची सगळी फळी थांबेल हे जाणून करायचे, असे ते शौर्य आहे. माझ्या मते हे नेतृत्वच आहे आणि त्याचे मोल त्या वेळी ओळखले गेले.

---

मेघनातीर

खडकीकर, आपले म्हणणे मान्य. परंतु राणे आणि भगत दोघेही स्वतः सुरुंगाजवळ होते आणि पाहणाऱ्याला ते दिसत होते. माझा प्रश्न नकाशापाशी उभे राहून निर्णय घेणाऱ्याविषयी आहे.

---

निवृत्त_सुभेदार

मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली. पदकाची शिफारस कशी तयार होते हे जवळून पाहिले आहे, म्हणून लिहितो.

शिफारस पलटणीतून निघते. जवानाने काय केले ते कंपनी कमांडर लिहितो, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब जोडले जातात, कमांडिंग ऑफिसर सही करतात. मग तो कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशा पायऱ्या चढत दिल्लीला पोहोचतो. प्रत्येक पायरीवर शिफारस कायम राहू शकते, खालच्या पदकासाठी होऊ शकते किंवा थांबू शकते. वर बसलेल्या अधिकाऱ्याने ती टेकडी पाहिलेली नसते, त्याच्या हातात एक-दोन पानांचा मजकूर असतो. त्यामुळे ज्या पलटणीत उत्तम लिहिणारा ॲडज्युटंट (पलटणीचा कागदोपत्री कारभार पाहणारा अधिकारी) असतो, त्या पलटणीच्या जवानांचे शौर्य वरपर्यंत नीट पोहोचते. ही गोष्ट कोणी उघडपणे बोलत नाही, पण प्रत्येक जुन्या सैनिकाला ती ठाऊक आहे.

माझ्या ओळखीच्या एका शिपायाने जखमी सोबत्याला गोळीबारातून ओढून आणले होते. पाहणारे दोघे होते. एक त्याच दिवशी गेला आणि दुसरा महिनोन्‌महिने इस्पितळात होता. जबाब वेळेत जोडला गेला नाही आणि शिफारस पुढे सरकली नाही. त्या शिपायाने कधी तक्रार केली नाही. पलटणीत मात्र सगळ्यांना माहीत होते, आणि नव्या मुलांना त्याचे नाव आदराने सांगितले जायचे. मला विचाराल तर खरी पारख पलटणीत होते. दिल्लीला पोहोचतो तो तिचा काही भाग.

---

शब्दवेडा

सुभेदारसाहेब, सलाम. हा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

---

कागदपत्रे

सुभेदारसाहेबांच्या मुद्द्याला दोन ठळक उदाहरणे जोडतो.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनशी झालेल्या युद्धात, लडाखमधील चुशूलजवळच्या रेझांग ला येथे १३ कुमाऊंची चार्ली कंपनी मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. वाचलेल्या मोजक्या जवानांनी जे सांगितले त्यावर सुरुवातीला विश्वास ठेवला गेला नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये बर्फात गोठलेली शवे सापडली. अनेकांच्या हातांत शस्त्रे तशीच होती. तेव्हा कुठे त्या जवानांचा शब्द खरा ठरला. मेजर शैतानसिंग यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. बर्फाने पुरावा राखला नसता, तर त्या कंपनीविषयी कोणते मत कायम राहिले असते, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होते.

दुसरे उदाहरण सीमेपलीकडचे आहे. जुलै १९९९ मध्ये टायगर हिलवर पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेरखान (यातील ‘कर्नल’ हा त्यांच्या नावाचाच भाग होता) प्रतिहल्ल्याचे नेतृत्व करताना मारले गेले. ते ज्या निर्धाराने लढले ते पाहून आपल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांच्या शौर्याची दखल घेणारी चिठ्ठी लिहिली आणि ती मृतदेहाच्या खिशात ठेवून देह परत पाठवला. पाकिस्तानने त्यांना निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. स्वतःच्या बाजूला साक्षीदार उरला नसताना शत्रूने साक्ष दिली. ब्रिगेडियर बाजवा यांच्या या कृतीला मी उच्च प्रतीचे नेतृत्व मानतो.

---

गडवाट

मेघनातीर यांचा प्रश्न नवा नाही. महाराजांपुढेही तो आला होता. १६७३ मध्ये उमराणीला महाराजांचे सरनोबत (सेनापती) प्रतापराव गुजर यांनी विजापूरचा सरदार बहलोलखान याला कोंडीत पकडले आणि शरण आल्यावर सोडून दिले. महाराजांनी त्याबद्दल कडक शब्दांत जाब विचारला. पुढे फेब्रुवारी १६७४ मध्ये गडहिंग्लजजवळ नेसरीला प्रतापराव अवघ्या सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले.

महाराष्ट्रात या प्रसंगाविषयी बोलताना आपला ऊर भरून येतो, आणि ते योग्यच आहे. परंतु सरनोबताने सैन्य मागे ठेवून स्वतःला असे झोकून देणे हे नेतृत्व म्हणून कसे मोजायचे? सैन्याचा सर्वोच्च अधिकारी राज्याभिषेकाला काही महिनेच उरले असताना गेला. माझ्या मते ते अतुलनीय शौर्य होते आणि सेनापती म्हणून केलेली चूकही होती.

---

नेसरीकर_पाहुणा

गडवाट, मी त्याच परिसरातला आहे आणि ‘चूक’ या शब्दाशी सहमत नाही. प्रतापरावांनी आपल्या वरिष्ठाचा शब्द स्वतःच्या जिवापेक्षा मोठा मानला. त्या सहा जणांनी क्षणभरही मागे वळून पाहिले नाही, यावरूनच त्यांच्या नेतृत्वाची पारख होते. नुसत्या हुकमाने माणसे अशी निघत नाहीत.

---

गडवाट

आपल्या भावनेचा मला आदर आहे, आणि मी प्रतापरावांना कमी लेखत नाही. महाराजांनी पुढे काय केले तेवढेच पाहा. सरनोबतपद त्यांनी हंसाजी मोहिते यांना दिले आणि ‘हंबीरराव’ हा किताब दिला, म्हणजे सैन्याची गरज ओळखून योग्य माणूस निवडला. प्रतापरावांच्या मुलीशी, जानकीबाईंशी, राजाराममहाराजांचा विवाह करून दिला, म्हणजे गेलेल्या सेनापतीच्या घराण्याला स्वतःच्या घराशी जोडले. निर्णयाचा दोष पोटात घातला नाही आणि माणसाच्या निष्ठेचा मान कमी होऊ दिला नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या तोलण्याची कुवत आपल्या आजच्या व्यवस्थेत असावी, एवढेच मला म्हणायचे आहे.

बक्षिसाच्या स्वरूपाचाही विचार व्हावा. महाराजांनी शक्यतो रोख वेतनावर भर दिला आणि लष्करी सेवेच्या बदल्यात जहागीर तोडून देणे टाळले. राजाराममहाराजांच्या काळात औरंगजेबाशी झुंजताना खजिनाच नव्हता, तेव्हा वतने आणि सरंजामांची आश्वासने देऊन सरदार बांधून ठेवावे लागले. त्यामुळे राज्य वाचले, हे निर्विवाद आहे. मात्र पराक्रमाचे बक्षीस म्हणून दिलेला मुलूख वंशपरंपरेने चालू लागला, आणि पराक्रम न करणाऱ्या पुढच्या पिढ्यांनाही तो मिळत राहिला.

---

अनुराधा_पुणे

येथे सगळी चर्चा रणांगणाची चालली आहे, म्हणून मी एक न्यायालयीन निकाल पुढे ठेवते. माझी धाकटी बहीण सैन्यात असल्यामुळे हा विषय आमच्या घरात अनेकदा निघतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांना स्थायी कमिशन (म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत सेवेची संधी) देण्याचा आदेश दिला. त्यानंतर सैन्याने जे निकष लावले त्यांना लेफ्टनंट कर्नल नितिशा आणि इतर अधिकाऱ्यांनी आव्हान दिले आणि मार्च २०२१ मध्ये त्याचा निकाल लागला. तो निकाल प्रत्येकाने वाचावा असा आहे. या अधिकाऱ्यांचे मूल्यमापन नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षापर्यंतच्या अहवालांवर केले गेले होते. त्यानंतर त्यांनी मिळवलेली पदके आणि गौरव विचारातच घेतले गेले नाहीत. शिवाय तेव्हा महिलांना पुढची वाटच उपलब्ध नव्हती, त्यामुळे त्यांचे वार्षिक अहवाल फारशा गांभीर्याने लिहिले जात नव्हते. अशा अहवालांच्या आधारे त्यांची तुलना पुरुष अधिकाऱ्यांशी करण्यात आली. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले.

शिफारस लिहिणाऱ्याच्या लेखणीविषयी सुभेदारकाकांनी जे लिहिले, तेच येथे वेगळ्या प्रकारे घडले. ‘हिला पुढे कुठे जायचे आहे’ असे मानून कोणी अहवाल लिहिला असेल, तर वीस वर्षांनी त्याच कागदावरून तिची योग्यता ठरवणे अन्यायाचे आहे. मूल्यमापन लिहितानाच लिहिणाऱ्याला त्याच्या परिणामांची जाणीव असायला हवी.

---

तोफखाना_निवृत्त

अनुराधाताईंनी मांडलेला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांना बढतीची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो.

लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती आता बहुतांशी सेवाकालावर मिळते. कर्नलपासून पुढे निवड मंडळ बसते, आणि तेथे पिरॅमिड एकदम निमुळता होतो. मंडळासमोर प्रामुख्याने वार्षिक गोपनीय अहवाल असतात. ते तीन पातळ्यांवर लिहिले जातात: थेट वरिष्ठ, त्याचा वरिष्ठ आणि त्याच्याही वरचा. गुण नऊपैकी असतात. चांगल्या अधिकाऱ्यांना सगळेच आठ-नऊ देतात, त्यामुळे एखाद्या कडक वरिष्ठाने प्रामाणिकपणे दिलेला सात हा अंकही कारकीर्द थांबवू शकतो. वरिष्ठाच्या योजनेतील दोष तोंडावर दाखवणारा अधिकारी युद्धात अमूल्य असतो. शांततेत त्याच वरिष्ठाकडून अहवाल घेताना त्याला त्याची किंमत मोजावी लागू शकते.

याचे सार्वजनिक नोंदीतले उदाहरण म्हणजे कारगिल युद्धात बटालिक भागातील ७० व्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर देविंदरसिंग. त्यांच्या युद्धकाळातील कामगिरीचे मूल्यमापन पूर्वग्रहदूषित होते, असा निर्णय सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१० मध्ये, म्हणजे युद्धानंतर अकरा वर्षांनी, दिला आणि नोंदींत दुरुस्ती करण्याचे आदेश दिले. न्याय मिळाला, परंतु ज्या वर्षांत त्या अधिकाऱ्याच्या अनुभवाचा सैन्याला उपयोग व्हायचा, ती वर्षे परत येत नाहीत.

---

कोकणचा_सुपुत्र

मग निवड कशावर व्हावी? ज्येष्ठतेवर की कर्तृत्वावर? जनरल अरुणकुमार वैद्य यांना १९६५ मध्ये महावीरचक्र मिळाले आणि १९७१ मध्ये ते दुसऱ्यांदा मिळाले. १९८३ मध्ये त्यांना लष्करप्रमुख नेमले, तेव्हा लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा त्यांना ज्येष्ठ होते आणि त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही युद्धांत रणगाड्यांचे प्रत्यक्ष नेतृत्व केलेला मराठी माणूस त्या पदावर बसला याचा मला अभिमान आहे. निवड रणांगणावरील कर्तृत्वावरच व्हावी.

---

तोफखाना_निवृत्त

जनरल वैद्य यांच्या योग्यतेविषयी कोणाचेच दुमत नसावे. पण हाच निकष असेल, तर खडकीकरांनी उल्लेखलेले भगत यांचे काय? व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले लेफ्टनंट जनरल भगत १९७४ मध्ये लष्करप्रमुख होतील अशी अपेक्षा होती. तेव्हाचे प्रमुख जनरल बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि भगत निवृत्त झाले. एकदा ज्येष्ठता बाजूला सारली गेली, एकदा नुसत्या मुदतवाढीने वाट बंद झाली. सर्वोच्च पदाची निवड सरकार करते आणि लोकशाहीत ती सरकारनेच करावी, परंतु निकष आधी ठरलेले आणि सर्वांना माहीत असावेत. नाहीतर प्रत्येक निवडीमागे लोक हेतू शोधत बसतात आणि निवडला गेलेला चांगला अधिकारीही त्या संशयात अडकतो.

---

विदर्भकन्या

मूळ प्रश्नाकडे परत येऊ या. मेघनातीर, आपण म्हणता ती फट पुढे काही प्रमाणात भरली गेली आहे. १९८० मध्ये सर्वोत्तम युद्ध सेवा पदक, उत्तम युद्ध सेवा पदक आणि युद्ध सेवा पदक ही मालिका सुरू झाली. युद्ध किंवा संघर्षाच्या काळातील असाधारण सेवेसाठी ती आहे, आणि त्यात शत्रूसमोर प्रत्यक्ष उभे असण्याची अट नाही. सेनापतीच्या नियोजनाचा गौरव करण्याचा मार्ग त्यामुळे उपलब्ध झाला. सगतसिंग यांच्या वेळी तो नव्हता.

आणखी एक गोष्ट. १९७१ मध्ये नेतृत्वाची दखलच घेतली गेली नाही असे म्हणता येत नाही. जमालपूरला ब्रिगेडियर एच. एस. क्लेर यांनी शरणागतीचे आवाहन करणारे पत्र पाठवले, तेव्हा पाकिस्तानी कमांडरने उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली. त्यानंतरच्या रात्री पाकिस्तानी सैन्याने वेढा फोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आपल्या १ मराठा लाइट इन्फंट्रीने, म्हणजे जंगी पलटणीने, वाट रोखून धरली. क्लेर यांना महावीरचक्र मिळाले आणि पलटणीचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांना वीरचक्र.

---

निवृत्त_सुभेदार

जंगी पलटणीचे नाव निघाले, बरे वाटले. त्या रात्री ज्यांनी फळी धरली त्यातल्या पुष्कळांच्या नावापुढे काहीच लागले नाही. पण पलटणीला मिळालेला युद्धसन्मान त्या सगळ्यांचा असतो, आणि नवा जवान भरती झाल्यावर त्याला प्रथम तोच शिकवला जातो. एकेकट्याच्या पदकापेक्षा हा सन्मान मला कधी कधी मोठा वाटतो.

पैशाविषयीही लिहितो. २०१७ पासून परमवीरचक्राला दरमहा २०,००० रुपये, महावीरचक्राला १०,००० आणि वीरचक्राला ७,००० रुपये मिळतात. याशिवाय राज्य सरकारे आपापले अनुदान देतात, आणि त्या रकमांत राज्याराज्यांत मोठा फरक आहे. एकाच टेकडीवर, एकाच दिवशी, तेच पदक मिळवलेल्या दोन जवानांना केवळ त्यांची गावे वेगवेगळ्या राज्यांत आहेत म्हणून वेगळी रक्कम मिळावी, हे मला पटत नाही. यावर देशभर एकच नियम असायला हवा.

---

मेघनातीर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. विदर्भकन्या यांनी दाखवलेली युद्ध सेवा पदकांची मालिका माझ्या प्रश्नाच्या एका भागाचे उत्तर देते. दुसरा भाग अजून शिल्लक आहे. ते पदक देतानाही वरिष्ठांचे मतच आधाराला असते, आणि ते मत तपासायला बाहेरच्या अभ्यासकाकडे काही नसते. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. पराभवाच्या वेळी कोणी कोणता निर्णय घेतला हे झाकलेले राहिले, तर विजयाचे श्रेय तरी नेमके कसे वाटायचे?

---

कागदपत्रे

मेघनातीर, जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एक धोरण जाहीर केले. त्यानुसार युद्ध किंवा मोहीम संपल्यावर पाच वर्षांच्या आत तिचा इतिहास संकलित करायचा आहे आणि नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या करायच्या आहेत. पलटणींच्या युद्ध-दैनंदिनी, मोहिमेदरम्यानचा पत्रव्यवहार आणि आदेश यांचा त्यात समावेश आहे. १९६२ सारख्या जुन्या नोंदींबाबत मात्र प्रत्येक प्रकरण वेगळे तपासले जाणार आहे. कारगिल युद्धाला २०२४ मध्ये २५ वर्षे पूर्ण झाली. बटालिक, द्रास आणि मश्कोहच्या दैनंदिनी अभ्यासकांना मिळू लागल्या, तर कोणत्या कमांडरने कधी काय इशारा दिला होता आणि तो कोणी मानला नाही, हे वरिष्ठांच्या अहवालाशेजारी ठेवून वाचता येईल. येथील ज्या सभासदांना शक्य आहे त्यांनी त्या नोंदींसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराकडे रीतसर विचारणा करावी. अर्जाचा मसुदा करायला मी तयार आहे, आणि त्यातील लष्करी संज्ञा सुभेदारसाहेबांनी तपासून द्याव्यात अशी त्यांना विनंती करतो.